कप्तान ग्रोटेंची वही आणि चार शिट्या

१

ग्रोटे लँडिंग या गावात शंभर वर्षांत तीनच चोऱ्या झाल्या होत्या. त्यांतली एक डुकराची होती आणि ते डुक्कर दोन दिवसांनी आपल्या पायांनी घरी आलं, त्यामुळे ती चोरी धरायची की नाही यावर गावात अजून वाद आहे. चौथी चोरी मात्र खरी झाली, आणि नेमकी गावाच्या शताब्दीला चार दिवस उरले असताना झाली.

ऑगस्टातला मंगळवार होता. शनिवारच्या सोहळ्यासाठी भाड्यानं आणलेली ‘डेल्टा डचेस’ ही चाकाची आगबोट दुपारी दोनला धक्क्याला लागली. बोट दक्षिणेकडची, तिच्या कप्तानाला दिमाख फार. त्यानं धक्क्याला लागता लागता चार लांबलचक शिट्या मारल्या. खालच्या आळीतल्या घराघरांतल्या कपबश्या थरथरल्या. मिस ओटिली क्रूगर आपल्या स्वयंपाकघरात पीच सोलत होत्या, त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि मग जरा खजील होऊन परत बसल्या. गावातले पुरुष झाडून सगळे धक्क्यावर गेले होते, काही दोर धरायला आणि बाकीचे सल्ले द्यायला. मिसिसिपी त्या वर्षी इतकी आटली होती की बोट गाळात रुतेल अशी पुष्कळांना आशा होती.

संग्रहालयाचा रखवालदार रॉस्को टिबेट्स हाही दोर धरणाऱ्यांत होता. चार वाजता तो परतला, दार ढकलून आत गेला आणि पाहतो तर मधोमध ठेवलेली काचेची पेटी रिकामी. गाव वसवणाऱ्या कप्तान हाइनरिश ग्रोटे यांची वही त्या पेटीत असे. ती नव्हती. पेटीची काच शाबूत होती, कुलूप जिथल्या तिथे लावलेलं होतं, आणि त्याची किल्ली रॉस्कोच्या कमरेला लटकत होती.

“माझ्या टेबलावरचं मेणकापडसुद्धा नेलंय,” रॉस्कोनं मार्शल फाइफरला सांगितलं. “नवं होतं.”

“वहीबद्दल बोल,” मार्शल म्हणाला.

“वहीबद्दल काय बोलू? ती जुनी होती.”

हे उत्तर मेयर क्लॅरेन्स ग्रोटे यांना मुळीच आवडलं नाही. कप्तान त्यांचे पणजोबा. शनिवारी दुपारी बारा वाजता कप्तानांच्या पुतळ्यावरचा पडदा निघायचा होता. मेयरांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: किल्ली एक, किल्लीवाला एक, तेव्हा चोरही एकच. वही शनिवारी बाराच्या आत पेटीत आली नाही, तर रॉस्कोची नोकरी जाईल, संग्रहालयामागची त्याची खोली जाईल आणि तो स्वतः जिल्ह्याच्या तुरुंगात जाईल.

रॉस्को तीस वर्षांपूर्वी केंटकीहून आला होता, बटणांच्या कारखान्यासाठी नदीतले शिंपले काढायला. गुडघा कामातून गेल्यावर त्याला ही रखवाली मिळाली. तीस वर्षं झाली तरी गाव त्याला ‘केंटकीवाला’च म्हणत असे. अशा माणसावर आळ घ्यायला फार डोकं लागत नाही.

२

मिस ओटिलींनी एकतीस वर्षं गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली होती. कोणाला कोणाशी जोडायचं आणि कोणाला मुळीच जोडायचं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. गेल्या हिवाळ्यात गावात तबकडीचे फोन आले आणि बाई घरी बसल्या. गावाची गुपितं त्यांच्याबरोबरच घरी बसली. त्यांनी त्यांतलं एकही कधी बाहेर काढलं नाही, आणि म्हणूनच गाव त्यांना थोडं भिऊन होतं.

रॉस्को रोज संध्याकाळी सहाला एक्स्चेंजला फोन करून विचारायचा, “किती वाजले, मिस ओटिली?” त्याच्या खोलीत दोन घड्याळं आहेत हे बाईंना माहीत होतं. तबकडी आल्यापासून तो बाईंच्या फाटकापर्यंत चालत येऊन विचारत असे. बुधवारी तो आला नाही. गुरुवारी सकाळी बाईंनी टोपी चढवली आणि त्या स्वतःच संग्रहालयात गेल्या.

रॉस्को आपलं सामान एका खोक्यात भरत होता.

“तुम्ही घेतली का वही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग खोकं कशाला भरता?”

“मिस ओटिली, या गावात मी एकदा अध्यक्षाच्या निवडणुकीवर मत सांगितलं होतं, तर सगळे केंटकीचं हवामान विचारायला लागले. माझं कोण ऐकणार?”

बाईंना राग आला. गावाचाही आला आणि त्याच्या खोक्याचाही आला. त्यांनी खोक्यातला चहाचा कप काढून परत फळीवर ठेवला आणि पेटीभोवती एक फेरी मारली. चोर कुलूप उघडतो हे समजू शकतं, पण काम झाल्यावर ते परत लावून जातो? पेटीतल्या मखमलीची नीट चौपदरी घडी घातलेली होती. आणि बाहेर महिनाभर थेंब पडलेला नसताना चोराला मेणकापड कशाला हवं?

“रॉस्को, ज्यानं ही घडी घातली त्याच्या आईनं त्याला चांगलं वळण लावलंय,” बाई म्हणाल्या. “या गावात असे पुरुष दोन. एक पाद्री आणि एक वारला.”

३

वही कोणी चोरावी याला गावात कारणं भरपूर होती, कारण ती कोणीच वाचलेली नव्हती. ती जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत होती, आणि पहिल्या महायुद्धात लोक संशयानं बघायला लागल्यावर गावानं जर्मन असं टाकलं की नातवंडांना शिव्यासुद्धा इंग्रजीतच आल्या. शनिवारी राज्याच्या विद्यापीठातले प्राध्यापक आयखेनवाल्ड येऊन ती मोठ्यानं वाचणार होते. म्हणजे शंभर वर्षं ज्यानं त्यानं आपापल्या घराण्याबद्दल जे ठोकून दिलं होतं, ते शनिवारी तपासलं जाणार होतं.

बाई आधी साप्ताहिकाचे संपादक हायरम व्हिटलॉक यांच्याकडे गेल्या. त्यांच्या खोलीत ‘आपल्या गावाची शंभर वर्षं’ या त्यांच्याच पुस्तिकेचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते.

“छान जाडजूड झालीय,” बाई म्हणाल्या. “एवढी माहिती कुठून मिळाली?”

“अभ्यासातून.”

“वही तर तुम्हाला वाचता येत नाही.”

संपादकांनी चष्मा पुसला. “काही गोष्टी माणसाला आतून कळतात, मिस ओटिली. कप्तानांनी टेकडीवर उभं राहून केलेलं भाषण मी दोन पानं दिलंय. ते आतून आलं.”

“आणि वहीत भाषण नसलं तर?”

“म्हणूनच म्हणतो, जे गेलं ते गेलं. त्याच्यामागे कशाला धावायचं?” मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. “मी मंगळवारी दिवसभर धक्क्यावर होतो. विचारा कोणालाही. त्या केंटकीवाल्याला विचारा, शाळेचं भिंतीवरचं घड्याळही त्यानंच लांबवलंय का. मंगळवारपासून तेही नाही. मास्तर म्हणतात दुरुस्तीला गेलं असेल, पण पाठवलं कोणी ते कोणालाच ठाऊक नाही.”

बाईंनी घड्याळ मनात टिपून ठेवलं आणि त्या टेकडीवर मिसेस मिनर्व्हा शुल्टे यांच्याकडे गेल्या. बटणांचा कारखाना त्यांच्या दिवंगत यजमानांचा. सोहळ्याच्या महिला समितीच्या त्या अध्यक्षा, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या किनाऱ्यावर पहिलं पाऊल त्यांच्या आजेसासूबाईंनी ठेवलं होतं. त्या पावलाचा त्यांनी संगमरवरी दगडही करून घेतला होता.

“वहीत तसं लिहिलं असेलच ना,” बाई म्हणाल्या.

“लिहिलं नसलं तरी दगड तयार आहे,” मिसेस शुल्टे म्हणाल्या. “हे बघ ओटिली, मी काही चोर नाही. खालच्या आळीत काय चालतं ते आम्हा टेकडीवरच्यांना काय माहीत. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं चांदीचं वाडगं दोन दिवस जागेवर नाही, पाद्रींना वाटतंय मी घासायला नेलं. मी आयुष्यात काही घासलेलं नाही. तो केंटकीवाला एकेक करून गाव रिकामं करतोय.”

वही, घड्याळ, वाडगं, आणि सगळं मंगळवारी. बाई टेकडी उतरताना विचार करत होत्या की गुडघा दुखणारा माणूस एका दुपारी धक्क्यावर दोर धरून उभा असताना हे सगळं कसं उचलून नेईल. मेयरांना भेटल्यावर मात्र त्यांचा विचारच खुंटला.

मेयरांनी दार उघडलं, बाईंना पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईनं आतलं दार लावून घेतलं, साप्ताहिकाचा अंक कोटाच्या आत कोंबला आणि अगदी कुजबुजत म्हणाले, “हळू बोला. वहीचा शब्दही काढू नका इथे. पाया पडतो.”

४

स्वतःच्या घरात वहीचं नाव ऐकून घाम फुटणारा माणूस निरपराध कसा म्हणावा? बाईंनी शुक्रवारची सकाळ या विचारात घालवली. पणजोबांबद्दल वहीत काही भलतंसलतं निघालं, तर पुतळा करून बसलेल्या पणतवाचं हसं होणार, म्हणजे कारणही पुरेपूर. पण मेयर मंगळवारी धक्क्यावर भाषण करत होते, आणि त्यांचं भाषण चालू असताना ते दुसरीकडे असणं शक्य नव्हतं. ते लांबलं होतं.

विचार पुढे सरकेना तेव्हा बाई शेजारच्या मिसेस बोल्टेंकडे अंडी आणायला गेल्या. मिसेस बोल्टे एकोणऐंशी वर्षांच्या. एरवी अंगणात कोंबड्यांचा कलकलाट असे, आज कोंबड्यांचा पत्ता नव्हता. आवाज मात्र येत होता, तो पोटमाळ्यावरून.

“एमा, कोंबड्या वर काय करतायत?”

“त्यांना हवापालट,” मिसेस बोल्टे म्हणाल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळून कपाटावर चढवला होता. पियानोच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा होत्या, आणि पियानो जमिनीपासून फूटभर वर तरंगत होता.

“आणि हा?”

“उंदीर झालेत,” मिसेस बोल्टे म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. “ओटिली, माझ्या मुलीला सांगू नकोस. ती मला जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात टाकेल. तिनं जागासुद्धा बघून ठेवलीय.”

बाई पियानोखालच्या विटांकडे बघत राहिल्या, आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता पीच सोलता सोलता आपण स्वतः का उठून उभ्या राहिलो हे त्यांना लख्ख आठवलं. त्यांचा उजवा हात भिंतीकडे गेला होता. तिथे एकतीस वर्षं नव्हे, एकही दिवस फोन जोडायचा स्विचबोर्ड नव्हता. तो एक्स्चेंजवर होता. पण हाताला ते कोण सांगणार?

“एमा,” त्या म्हणाल्या, “चार शिट्या.”

मिसेस बोल्टे मटकन पियानोच्या स्टुलावर बसल्या. स्टूल जमिनीवर आणि पियानो विटांवर असल्यामुळे त्या फारच बुटक्या दिसत होत्या. “मला वाटलं मी एकटीच,” त्या म्हणाल्या.

५

चार लांब शिट्या म्हणजे पूर. नदीला बांध घातल्याला तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षांत त्या शिट्या कोणी मारल्या नव्हत्या. त्याआधी मात्र खालच्या आळीत हा कायदा बायबलच्या खालोखाल होता. शिट्या झाल्या की पुरुष वाळूच्या गोण्या भरायला किनाऱ्यावर धावत, आणि बायका सामान वर नेत. घरचं सामान माळ्यावर, आणि गावाचं सामान टेकडीवरच्या जुन्या धान्यकोठारात. गावाची एकेक वस्तू एकेका घराला वाटून दिलेली होती आणि ती त्या घरच्या सासूकडून सुनेकडे नाहीतर आईकडून लेकीकडे जात असे. कोणतं घर काय उचलतं हे पुरुषांनी कधी विचारलं नाही. ते परत येत तेव्हा वस्तू सुखरूप असत आणि जेवण तयार असे, एवढं त्यांना पुरे होतं. ओटिलीबाईंच्या वाट्याला स्विचबोर्ड होता. साऱ्या आळीला घंटा देत त्या शेवटपर्यंत तिथेच बसत, त्यामुळे त्यांनाही ही वाटणी ठाऊक नव्हती.

आणि नियम एकच होता: आधी उचल, मग बघ. नदी कुठवर आलीय ते बघायला जे थांबले, ते थांबलेलेच राहिले होते.

मंगळवारी पुरुषांनी शिट्या ऐकल्या, समोर आटलेली नदी पाहिली आणि ते हसले. साठीच्या पुढच्या बायकांनी ऐकल्या आणि आधी उचललं. मग पाहिलं, तर नदीच्या मधल्या वाळूवर गाई उभ्या. आता ‘पुराला घाबरून वाडगं पळवलं’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सगळ्या मूग गिळून बसल्या.

शुक्रवारी दुपारी ओटिलीबाई धापा टाकत टेकडीवरच्या कोठाराचा माळा चढल्या. तिथे सगळं होतं. बाप्तिस्म्याचं वाडगं रजईत गुंडाळलेलं. शाळेचं घड्याळ, अजून चालू. टपालकचेरीतला अध्यक्षांचा फोटो, जो नाहीसा झालाय हे टपालकचेरीला अजून कळलं नव्हतं. अग्निशमन दलाची तुतारी आणि कोणीतरी उत्साहात आणलेलं पावाचं पीठ.

वही तेवढी नव्हती. बाईंनी पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला.

६

त्या माळ्यावर एका खोक्यावर बसून बाईंनी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातानं घाम पुसला आणि डोकं चालवलं. मेणकापड नेलं म्हणजे नेणारी पाण्याला भ्यालेली. कुलूप लावून गेली म्हणजे तिच्याकडे स्वतःची किल्ली. वाटणी करणाऱ्यांनी कप्तानाच्या वहीची किल्ली कोणत्या घरात दिली असेल? आणि ती टेकडीवर आली नाही, म्हणजे उचलणारीला टेकडी चढवत नाही.

मग मेयरांचं कुजबुजणं त्यांना एकदम निराळं ऐकू आलं. घाबरलेला चोर घाम पुसतो, खिडकी लावतो, साक्षीदार तयार ठेवतो. वर्तमानपत्र कोटात कोंबून आतलं दार लावतो तो आईला घाबरलेला मुलगा.

हुल्डा ग्रोटे, वय शहाऐंशी. गावातल्या जुन्या जर्मन रीतीनं सगळे त्यांना टांटे हुल्डा म्हणत, म्हणजे मावशी. त्यांचं हृदय नाजूक होतं आणि डॉक्टरांनी वाईट बातमी सांगायला बंदी केली होती. मेयर गावभर चोर शोधत होते आणि घरात चोरीचा शब्द काढू देत नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मेयर पुतळ्याची दोरी तपासायला गेलेले बघून बाई त्यांच्या घरी गेल्या. टांटे हुल्डा वरच्या मजल्यावर खिडकीत बसल्या होत्या. कपाटाच्या माथ्यावर मेणकापडाचं एक पुडकं होतं, निळ्या चौकडीचं.

“ये पोरी,” त्या म्हणाल्या. “शेवटी तूच येशील असं वाटलंच होतं. सगळ्यांना सांगितलंस?”

“कोणालाच नाही, टांटे.”

“चार झाल्या आणि मी उचलली. टेकडी काही जमेना म्हणून घरातली उंच जागा गाठली. खुर्चीवर चढले गं, या वयात. आणि मग खिडकीतून बघते तर काय, गाई.” त्या जरा थांबल्या. “माझी थोरली बहीण बघायला थांबली होती, एक्क्याऐंशीच्या पुरात. तेव्हापासून मी आधी बघत नाही.”

“मग परत का नेऊन ठेवली नाहीत?”

टांटेंनी उशाखालून एक रंगीत पत्रक काढलं. वृद्धाश्रमाचं होतं. हिरवळ, कारंजं आणि हसणाऱ्या म्हाताऱ्या. “सूनबाईनं तीन महिन्यांपूर्वी माझ्या उशाशी ठेवलंय. माझी सून टेकडीवरची, तिला शिट्यांचं काय कळणार? तिला हे कळलं तर सोमवारी मी त्या कारंज्यापाशी बसलेली असेन. म्हटलं, गर्दी ओसरली की गुपचूप ठेवून येऊ. एका जुन्या वहीवाचून कोणाचं काय अडतंय?”

बाईंना ते पत्रक बघून गलबललं. डॉक्टरांची बंदी त्यांना ठाऊक होती, ती मोडणं चूक आहे हेही कळत होतं. पण खालच्या आळीत एक माणूस खोकं भरत होता.

“अडतंय, टांटे,” त्या म्हणाल्या. “उद्या बारा वाजता रॉस्को टिबेट्सला घराबाहेर काढणार आहेत. चोर म्हणून.”

म्हातारीच्या हृदयाला काही झालं नाही. तिचा जबडा तेवढा घट्ट झाला.

“कोण काढणार आहे?”

“क्लॅरेन्स.”

“माझी काळी टोपी कुठे आहे ते बघ,” टांटे हुल्डा म्हणाल्या. “उद्या लागेल.”

७

शनिवारी साडेअकराला संग्रहालयात पाय ठेवायला जागा नव्हती. रॉस्को दाराशी उभा होता, शेजारी दोरीनं बांधलेलं खोकं. मार्शल फाइफर त्याच्याकडे बघायचं टाळत होता. प्राध्यापक आयखेनवाल्ड रिकाम्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि आपण नक्की काय वाचायचं असं दर पाच मिनिटांनी विचारत होते.

ओटिलीबाई पुढे आल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: कुलूप, घडी, मेणकापड, आगबोटीच्या चार शिट्या, कोठाराचा माळा. “वस्तू सगळ्या सुखरूप आहेत,” त्या म्हणाल्या. “नावं मी सांगणार नाही. एकतीस वर्षं सांगितली नाहीत, आता कशाला सुरुवात करू?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही लपवताय,” मेयर कडाडले. “नाव कळल्याशिवाय हा माणूस सुटणार नाही. शंभर वर्षांची ठेव उचलून न्यायची आणि तोंड लपवून बसायचं, एवढा निर्लज्ज या गावात आहे तरी कोण?”

“मी,” मागून आवाज आला.

गर्दी दुभंगली. काळ्या टोपीतल्या टांटे हुल्डा काठी टेकत पुढे आल्या आणि त्यांनी निळ्या चौकडीचं पुडकं पेटीवर ठेवलं. मेयर उभ्या उभ्या पांढरे पडले. “आई, तुझं हृदय,” ते म्हणाले.

“माझं ठीक आहे. तुझं बघ.” त्या सुनेकडे वळल्या. “मी शिट्या ऐकल्या आणि उचललं. ज्याला मला वेडी ठरवायचं असेल त्यानं ठरवावं.”

मग मिसेस बोल्टे उभ्या राहिल्या. “मी कोंबड्या,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या रांगेतून कोणी म्हणालं, “वाडगं मी.” आणखी एक म्हणाली, “घड्याळ आम्ही दोघींनी. रोज जाऊन किल्ली देतो.” अशा अकरा जणी उभ्या राहिल्या. त्यांत मार्शलची आई होती. अकरा म्हाताऱ्या एकदम सामावतील एवढी जागा वृद्धाश्रमात नव्हती, आणि सूनबाई खाली बघत हातमोज्यांची काढघाल करत राहिल्या.

“क्लॅरेन्स, त्या माणसाची माफी माग,” टांटे म्हणाल्या.

“सगळ्यांसमोर?”

“मी सगळ्यांसमोर सांगितलं. तू सगळ्यांसमोर माग.”

मेयरांनी मागितली. पुटपुटले, पण ऐकू आलं. रॉस्को ‘असू दे’ म्हणाला आणि मेणकापड नीट आहे का ते बघू लागला.

मग वाचन झालं. प्राध्यापकांनी पहिली नोंद मोठ्यानं वाचली: कप्तान ग्रोटे यांना या जागी गाव वसवायचं नव्हतंच. ते दोनशे मैल वर चालले होते, जेवणानंतर सुकाणूवर डुलकी लागली आणि बोट वाळूत रुतली. पुढे पानापानांवर एकच मजकूर होता. आज पाणी चढलं नाही. आजही पाणी चढलं नाही. बायकांनी किनाऱ्यावर कोबी लावला. मिसेस शुल्टेंच्या आजेसासूबाई पहिल्या उतरल्या हे खरं निघालं. त्या कप्तानाशी भांडून उतरल्या होत्या, आणि ते भांडण चार पानं होतं. टेकडीवरचं भाषण कुठेच नव्हतं. संपादक व्हिटलॉक मध्येच उठून बाहेर गेले.

हसून हसून लोकांची पोटं दुखली. मेयर शेवटी हसले, पण पणजोबा पुतळ्यात दूरवर बोट दाखवत असल्यामुळे त्यांना जरा वेळ लागला.

गर्दी पुतळ्याकडे निघाली तेव्हा टांटे हुल्डांनी रॉस्कोला हाक मारली. गळ्यातल्या साखळीतून त्यांनी एक छोटी काळपट किल्ली काढली.

“ही ग्रोटे बायकांची. मला लेक नाही, आणि सूनबाई टेकडीवरची. माझ्यानं आता उचलवत नाही. तू घे.”

रॉस्कोनं हात पुढे केला नाही. “पेटीची किल्ली आहे माझ्याकडे, टांटे.”

“ती नोकरीची. ही घराची आहे. या वहीला आता तुझं घर.”

“पण मी तर केंटकीचा,” रॉस्को म्हणाला. “आणि बांध आहे की. पाणी आता येत नाही.”

“पाणी येतं का असं मी तुला विचारलं का?”

रॉस्कोनं किल्ली घेतली. ती खिशात ठेवायची की कमरेला लावायची हे त्याला बराच वेळ ठरवता आलं नाही. तीस वर्षांत गावानं त्याला पहिल्यांदाच काहीतरी जपायला दिलं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले. ओटिलीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी त्याचं खोकं उचललं, आत नेलं आणि एकेक वस्तू फळीवर लावून टाकली.

पडदा निघाला, भाषणं झाली, बटाट्याचं सॅलड संपलं. उन्हं कलल्यावर रॉस्कोनं पेटी उघडली, वही मेणकापडात गुंडाळली, कुलूप परत लावलं आणि वही काखेत धरून तो टेकडीच्या वाटेला लागला. किती वेळ लागतो ते एकदा बघायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. मार्शल फाइफरनं त्याला वहीसकट जाताना पाहिलं आणि तो मुकाट्यानं वाटेतून बाजूला झाला.

सव्वीस मिनिटं लागली. एकटा असता तर अठरात पोचला असता, पण ओटिलीबाई बरोबर होत्या आणि त्यांना घाई नव्हती.